जुनी फाइल, नवे पत्र

वर तारीख यंदाची, संदर्भात क्रमांक गेल्या वर्षीचा आणि 'आपला विश्वासू'च्या खाली भलत्याच माणसाचे नाव. असा अर्ज कधी हाती आला नाही असा कारकून सापडणार नाही. लिहिणारा बेफिकीर होता असे म्हणून विषय संपवता येईल, पण ते खरे नाही. त्याने जे केले तेच आपण सगळे करतो. मागच्या वेळची फाइल उघडायची, बदलायचे ते बदलायचे आणि प्रिंट काढायची. बदलायच्या जागा पाच होत्या, त्याला तीन सापडल्या.

म्हैसूरच्या विजयनगरात हाच घोळ तीन लिप्यांत होतो. पहिल्या स्टेजपासून चौथ्या स्टेजपर्यंत पसरलेल्या या वस्तीत नोकरीनिमित्त किंवा निवृत्तीनंतर राहणारे एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. बँकेचे पत्र इंग्रजीत जाते, महानगरपालिकेचा अर्ज कन्नडमध्ये आणि गावाकडच्या जमिनीच्या वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे मराठीत. तिन्ही एकाच संगणकावर, एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणि कुठल्यातरी जुन्या फाइलवरून तयार होतात. मग मराठी अर्जात विजयनगरचा पत्ता कन्नडमध्ये घातला की त्या दोन ओळींचे अक्षर एकदम वेगळे दिसते आणि ओळींमधले अंतर फाकते. फॉन्ट बदलून पाहावा तर इंग्रजी शब्द बदलतात, देवनागरी जागची हलत नाही. शेवटी वैतागून माणूस स्पेसबार दाबत सुटतो.

सॉफ्टवेअर लहरी नसते, ते सांगितले तेच करते. अडचण अशी की आपण सांगितलेले नेमके कुठे साठते हे आपल्याला ठाऊक नसते. ते ठरवून एका जागी साठवण्याची सोय म्हणजे टेम्प्लेट आणि ते कुठे साठले आहे हे दाखवणारी सोय म्हणजे सॉफ्टवेअरमधली मदत. या दोन्ही सोयी वर्ड प्रोसेसरमध्ये कित्येक वर्षांपासून आहेत आणि दोन्हींकडे आपण पाठ फिरवून बसलो आहोत. माझे म्हणणे असे की त्या वेगवेगळ्या सोयी नाहीतच. चांगल्या टेम्प्लेटच्या पोटातच मदत असते. जुन्या फाइलच्या नकलेत यातले एकही नसते.

नमुना आपल्याला नवा नाही

ठरावीक मजकूर एकदाच बसवून ठेवायचा आणि बदलणाऱ्या जागा मोकळ्या सोडायच्या, ही रीत संगणकाने आणलेली नाही. पूजेच्या पोथीतला संकल्प पाहा. गोत्र, नाव, तिथी यांच्या जागी 'अमुक' छापलेले असते आणि यजमान बदलला तरी पोथी बदलत नाही. मध्ययुगीन गुजरातेत दस्तऐवजांच्या नमुन्यांचा 'लेखपद्धती' नावाचा आख्खा संग्रहच तयार झाला होता. त्यात राजाच्या दानपत्रापासून गहाणखतापर्यंत आणि दासी विकत घेतल्याच्या कागदापासून घरगुती पत्रांपर्यंत नाना प्रकारचे मसुदे आहेत. गायकवाडांच्या बडोद्यातून तो १९२५ साली छापून प्रसिद्ध झाला. आपल्याकडे यादवांच्या काळातल्या हेमाद्रीच्या नावावर 'मेस्तक' हा कारभारी लेखनाची शिस्त सांगणारा ग्रंथ परंपरेने सांगितला जातो. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात कोणाला कोणता मायना घालायचा हे हुद्द्यावर आणि नात्यावर ठरलेले होते. चिटणिसाला दर पत्राच्या वेळी त्याचा विचार करावा लागत नसे आणि वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच पत्र कोणत्या नात्याने आले ते कळत असे.

आजचा सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे सातबारा. महाराष्ट्राच्या महसूल खात्यात गावाच्या हिशेबाचे १ ते २१ असे नमुने ठरलेले आहेत. त्यातला नमुना ७ अधिकार अभिलेखाचा, नमुना १२ पिकांच्या नोंदीचा. फेरफार नमुना ६ मध्ये, वारसांची नोंद ६-क मध्ये आणि खातेदाराची एकत्र माहिती ८-अ मध्ये. तलाठी बदलतो, गाव बदलते, रकाने बदलत नाहीत. शेताचे क्षेत्र कुठे पाहायचे आणि भोगवटादार कोण हे कुठे शोधायचे, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला आणि गोंदियातल्या माणसाला सारखेच ठाऊक असते. २०२० साली राज्याने या नमुन्याचे स्वरूप बदलले. गावाच्या नावाबरोबर गावाचा सांकेतिक क्रमांक आला, लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्र वेगळे दाखवून त्यांची बेरीज आली. रकाना एकदा ठरला आणि संगणकीकृत उतारे त्याप्रमाणे निघू लागले. प्रत्येक गावच्या प्रत्येक उताऱ्यावर कोणाला हाताने दुरुस्ती करत बसावे लागले नाही. म्हैसूरला बसून महाभूलेखच्या संकेतस्थळावर आपला सातबारा उघडणारा माणूस याच व्यवस्थेचे फळ खातो आणि त्याच सातबाऱ्यासंबंधीचा अर्ज मात्र तीन वर्षांपूर्वीच्या फाइलवर खाडाखोड करून लिहितो.

टेम्प्लेट उघडल्यावर काय होते

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कोरा कागद उघडला तरी तो कोरा नसतो. 'नॉर्मल' नावाची एक टेम्प्लेट पडद्यामागे असते. समास किती, अक्षर कोणते, ओळींत अंतर किती, हे सगळे कोरा कागद तिच्याकडून घेतो. ही फाइल चुकून पुसली गेली तर वर्ड पुढच्या वेळी स्वतःहून नवी बनवते, कारण तिच्यावाचून त्याचे पान हलत नाही. या फाइलचे वजन किती हे १९९५ साली जगाला वाईट रीतीने कळले. 'कॉन्सेप्ट' नावाचा व्हायरस या नॉर्मल टेम्प्लेटमध्येच जाऊन बसत असे. मग त्या संगणकावर जी फाइल सेव्ह होई तिच्यात तो आपोआप उतरे. ज्या वाटेने व्हायरस प्रत्येक फाइलीत शिरू शकतो, त्याच वाटेने आपले समास, आपले अक्षर आणि आपल्या मोकळ्या जागाही शिरू शकतात.

स्वतः केलेली टेम्प्लेट वर्डमध्ये 'डॉटएक्स' प्रकाराने सेव्ह होते, लिबरऑफिस रायटरमध्ये 'ओटीटी' प्रकाराने. साध्या फाइलीत आणि हिच्यात दिसायला काही फरक नाही. फरक आहे तो वागण्यात. टेम्प्लेटवर डबल क्लिक केले की ती स्वतः उघडत नाही, आपली एक बिननावाची प्रत काढून पुढे करते. सेव्ह म्हटले की सॉफ्टवेअर नाव विचारते. त्यामुळे मूळ नमुन्यावर चुकून आपलेच पत्र लिहून ठेवण्याची सोय राहत नाही. मूळ नमुनाच दुरुस्त करायचा असेल तर राइट क्लिक करून मुद्दाम 'ओपन' म्हणावे लागते.

शिंप्याकडे मापाचा ब्लाउज देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो ब्लाउज अंगात घातलेला, धुतलेला, एका बाजूने उसवून सैल केलेला असतो. शिंपी त्यावरून माप घेतो तेव्हा ती उसवणही मापात येते. ज्याच्याकडे कागदावर बेतलेला नमुना कापून ठेवलेला आहे त्याला ही अडचण येत नाही. त्या कागदाने कधी कोणाचा घाम पाहिलेला नाही. जुनी फाइल म्हणजे मापाचा ब्लाउज. तिच्यात मागच्या खेपेच्या साऱ्या दुरुस्त्या शिल्लक असतात आणि सगळ्या डोळ्यांना दिसतात असे नाही. फाइलच्या माहितीत पहिल्या लेखकाचे नाव राहते. 'ट्रॅक चेंजेस' चालू असेल तर खोडलेला मजकूरही आत असतो, फक्त लपवलेला. पुतण्याने काकांची फाइल घेऊन स्वतःचा अर्ज केला आणि ती फाइल ईमेलने पाठवली, तर काकांनी कधीतरी खोडलेली वाक्येही तिच्याबरोबर जाऊ शकतात. वर्डमध्ये हे शोधून काढणारे 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' आहे, पण ते वापरावे लागते हेच मुळात चुकीच्या सुरुवातीचे लक्षण.

मजकुराला हुद्दा द्या

टेम्प्लेट नुसती मोकळ्या जागांची असती तर तिचे एवढे कौतुक करण्याचे कारण नव्हते. तिचा खरा जीव स्टाइलमध्ये असतो. स्टाइल म्हणजे एका नावाखाली बांधून ठेवलेले निर्णय. 'विषय' या नावाच्या स्टाइलमध्ये अक्षर ठळक, आकार १४, वरची जागा इतकी, खालची इतकी असे एकदा ठरवले की पुढे त्या ओळीला फक्त 'विषय' म्हणायचे.

आपली सवय नेमकी उलटी आहे आणि तिचे मूळ टंकलेखनाच्या क्लासात सापडते. टंकयंत्रावर शीर्षक मध्यभागी आणायचे तर अक्षरे मोजून, निम्मी करून, मध्यापासून तितकी घरे मागे जावे लागे. तिथे मोकळी जागा म्हणजे यंत्राची पुढे सरकलेली घरे, याखेरीज दुसरे काही नव्हते. ती शिस्त तिथे बरोबर होती. संगणकावर मात्र स्पेसबारने मध्यभागी आणलेले शीर्षक फॉन्ट बदलताच डावी-उजवीकडे सरकते. एंटर आठ वेळा दाबून पुढच्या पानावर नेलेली सही वर एक ओळ वाढली की त्या पानाच्या मध्यावर जाऊन बसते. संगणकाला 'हे शीर्षक आहे' असे कोणी सांगितलेच नाही. त्याला सांगितले ते फक्त 'इथे बावीस मोकळ्या जागा'.

स्टाइल एकमेकींवर आधारलेल्या असतात. 'नॉर्मल' मूळ, तिच्यावरून 'परिच्छेद', त्यावरून 'अवतरण'. मुळात फॉन्ट बदलला की ज्यांनी वेगळे काही सांगितलेले नाही त्या सगळ्या बदलतात. ज्यांनी सांगितले आहे त्या आपले तेवढे राखून बाकीचे घेतात. मजकूर सिलेक्ट करून हाताने बोल्ड केला, आकार वाढवला, की तो निर्णय स्टाइलच्या वर बसतो आणि खालचा कितीही बदलला तरी वरचा हलत नाही. 'सगळा फॉन्ट बदलला तरी दोन ओळी तशाच राहिल्या' या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. उपायही सोपा आहे. वर्डमध्ये त्या ओळी सिलेक्ट करून कंट्रोल आणि स्पेसबार दाबले की अक्षरांवरचे हाताने केलेले बदल निघून जातात. कंट्रोल आणि क्यू दाबले की परिच्छेदावरचे जातात. शिवाय 'हेडिंग' स्टाइल नीट दिल्या असतील तर अहवालाची अनुक्रमणिका सॉफ्टवेअर स्वतः करते, पानांच्या आकड्यांसकट.

विश्वास बसत नसेल तर एखाद्या डॉकएक्स फाइलची प्रत काढून तिच्या नावाचा शेवट 'झिप' करावा आणि ती उघडावी. एक फाइल म्हणून जी आपण पाठवतो तिच्या आत बऱ्याच लहान फाइली असतात. त्यांत मजकुराची फाइल वेगळी आणि स्टाइलची वेगळी दिसते. २००७च्या ऑफिसपासून वर्ड असेच साठवतो. मजकूर एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे, ही विभागणी सॉफ्टवेअरने केव्हाच करून ठेवली आहे. ती मोडतो ते आपण.

तीन लिप्यांचे पत्र

आता विजयनगरच्या त्या अर्जाकडे. वर्डच्या हिशेबात लिप्यांचे गट आहेत. रोमनसाठी एक, चिनी-जपानी-कोरियनसाठी एक आणि काना-मात्रा, जोडाक्षरे किंवा उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरे असणाऱ्या लिप्यांसाठी तिसरा. या तिसऱ्याला तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणतात. देवनागरी, कन्नड, तमिळ, अरबी या त्यात मोडतात. प्रत्येक स्टाइलमध्ये रोमनचा फॉन्ट वेगळा आणि कॉम्प्लेक्सचा वेगळा नोंदवलेला असतो. एवढेच नव्हे तर आकार आणि ठळकपणाही वेगळे. म्हणून फॉन्टच्या खिडकीत वरच्या भागात फॉन्ट बदलला की इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी जिथल्या तिथे राहते. खालचा कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा भाग कोणी पाहतच नाही. संगणकावर मराठी किंवा कन्नड भाषा चालू केलेली नसेल तर तो भाग दिसतही नाही. लिबरऑफिसमध्येही हीच विभागणी असून भाषांच्या सेटिंगमध्ये तिसऱ्या गटावर खूण करावी लागते.

मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच गटात असल्याने आणखी एक गुंता होतो. त्या गटात फॉन्टचे नाव एकच लिहिता येते. तिथे 'मंगल' लिहिले असेल तर त्यात देवनागरी आहे, कन्नड नाही. कन्नड पत्ता आला की सॉफ्टवेअर त्यासाठी दुसरा फॉन्ट उसना आणते. जुन्या विंडोजमध्ये तो बहुधा 'तुंगा' असे. दोन फॉन्टांची उंची वेगळी, म्हणून अक्षर लहानमोठे दिसते आणि ओळी फाकतात. यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. विंडोज ८ पासून मिळणाऱ्या 'निर्मला' या फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. तो टेम्प्लेटच्या मूळ स्टाइलमध्ये कॉम्प्लेक्स गटात लिहून टाकला की प्रश्न मिटतो. अक्षराचे वळण आवडत नसेल तर 'मराठी मजकूर' आणि 'कन्नड पत्ता' अशा दोन वेगळ्या स्टाइल कराव्यात आणि प्रत्येकीला तिचा फॉन्ट द्यावा. मला दुसरा रस्ता जास्त बरा वाटतो, कारण निर्मला पडद्यासाठी घडवलेला आहे आणि कागदावर जरा कोरडा दिसतो.

एक खबरदारी मात्र आधी घ्यावी लागते. श्रीलिपी किंवा कन्नडच्या नुडीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमधला नसतो. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात, फक्त फॉन्टने त्यांना मराठी-कन्नड रूप दिलेले असते. असा मजकूर नव्या टेम्प्लेटमध्ये चिकटवला आणि स्टाइलने फॉन्ट बदलला की अर्जाच्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हांचा ढीग उरतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या १९९१च्या पहिल्या युनिकोडपासून त्यात आहेत, तेव्हा आता जुन्या फॉन्टात नवे पत्र लिहिण्याला काही कारण उरलेले नाही.

चौकट: आपली टेम्प्लेट करताना
जुन्या फाइलीतला मजकूर घ्यायचा तर नुसता मजकूर म्हणून पेस्ट करा, त्याचे रूप घेऊ नका.
विषय, संदर्भ, मजकूर, सही या चार-पाच स्टाइल पुरतात. जास्त केल्या तर कोणी वापरत नाही.
मोकळ्या जागेत नुसत्या रेषा ठेवू नका. तिथे काय लिहायचे ते लिहा: 'गट क्रमांक व उपविभाग, सातबाऱ्यावर आहे तसा'.
तारीख आपोआप येणारी हवी असेल तर 'अपडेट ऑटोमॅटिकली'वर खूण करू नका. तसे केल्यास अर्जाची प्रत पुढे केव्हाही उघडली तरी तिच्यावर त्या दिवशीची तारीख दिसेल. फाइल तयार झाल्याची तारीख दाखवणारे 'क्रिएटडेट' हे फील्ड वापरा.

मदत कुठे उभी असते

वर्ड प्रोसेसरच्या मदतीचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये पडद्याच्या वरच्या भागात आज्ञांची यादी कायम दिसत असे. मदतीच्या ० ते ३ अशा पायऱ्या होत्या. नवख्याने सगळी यादी ठेवायची, सरावलेल्याने हळूहळू घालवायची. वर्डपरफेक्टने वेगळी वाट धरली. त्याच्या आज्ञा फंक्शन कींवर होत्या आणि त्या लक्षात राहण्यासाठी कीबोर्डवर ठेवायची एक छापील पट्टी मिळत असे. त्या पट्टीलाही टेम्प्लेटच म्हणत. एफ-३ ही मदतीची की होती आणि ती दोनदा दाबली की त्या पट्टीचे चित्र पडद्यावर येई. १९८७ मध्ये आयबीएमने सगळ्या सॉफ्टवेअरसाठी समान रीत सुचवली, तिच्यात मदतीसाठी एफ-१ ठरली आणि ती आजवर टिकली.

मग ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी कागदाची टाचणी आली. पत्राचा मायना टाइप करताच ती मध्ये येऊन 'पत्र लिहिताय वाटतं, मदत करू का?' अशा अर्थाचे विचारत असे. तिची इतकी टिंगल झाली की २००१च्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवली गेली आणि २००७ मध्ये काढून टाकली. टाचणीला माहिती कमी होती असे नाही. ती चुकीच्या जागी उभी होती. माणूस लिहीत असताना तिने त्याचा हात धरला आणि त्याला नेमके काय अडले आहे ते तिला ठाऊक नव्हते. वर्डपरफेक्टची पट्टी मुकी होती, पण बोटाच्या शेजारी होती.

आजच्या वर्डमध्ये या दृष्टीने दोन गोष्टी मोलाच्या आहेत. अल्ट आणि क्यू दाबले की वर शोधाची चौकट उघडते. तिथे 'मार्जिन' किंवा 'पेज नंबर' असे लिहिले की ती लेख वाचायला लावत नाही, ती आज्ञाच पुढे आणून ठेवते. दुसरी शिफ्ट आणि एफ-१. कर्सर एखाद्या हट्टी ओळीवर ठेवून या दोन की दाबल्या की बाजूला एक पट्टी उघडते. तिच्यात त्या ओळीचा फॉन्ट, आकार, अंतर, समास सगळे लिहिलेले असते. खालच्या 'डिस्टिंग्विश स्टाइल सोर्स'वर खूण केली तर कोणता गुण स्टाइलमधून आला आणि कोणता कोणीतरी हाताने चिकटवला, तेही वेगळे दिसते. कन्नड पत्त्याची ओळ का फाकली याचा माग याच पट्टीत लागतो. मदत म्हणून हिची जाहिरात कोणी करत नाही, पण शंभर पानी पुस्तिकेपेक्षा ती कामाची आहे. कारण ती सर्वसाधारण उत्तर देत नाही, तुमच्याच ओळीचे देते.

याच्याही एक पाऊल पुढे टेम्प्लेट जाते. वर्डमध्ये 'कंटेंट कंट्रोल' आणि लिबरऑफिसमध्ये 'प्लेसहोल्डर' नावाची मोकळी जागा करता येते. तिच्यात सूचना लिहून ठेवता येते आणि लिहायला सुरुवात केली की ती सूचना निघून जाते. शिवाय वर्डमध्ये 'इन्सर्ट'मधल्या 'क्विक पार्ट्स'खाली डॉक्युमेंट प्रॉपर्टीची फील्ड आहेत. अर्जात गट क्रमांक विषयात, मजकुरात आणि शेवटच्या विनंतीत असा तीनदा येत असेल तर तिन्ही जागी एकच फील्ड ठेवायचे. एका जागी भरले की बाकीच्या दोन भरतात. पाचातल्या तीनच जागा सापडण्याचा रोग इथे मुळातून जातो, कारण बदलायची जागा एकच उरते. तलाठ्याच्या नमुन्यात रकान्याच्या माथ्यावर जे छापलेले असते तेच काम ही सूचना करते. भरणाऱ्याने विचारण्याआधी ती त्याला सांगते.

हरकती

पहिली हरकत अशी की टेम्प्लेटने सगळी पत्रे एकसारखी आणि निर्जीव होतात. सांत्वनाच्या पत्राबद्दल ही हरकत शंभर टक्के खरी आहे. तिथे टेम्प्लेट वापरणाऱ्याला क्षमा नाही. पण तलाठ्याला, बँकेला किंवा पालिकेला लिहिलेल्या अर्जात वाचणाऱ्याला आपले व्यक्तिमत्त्व नको असते, गट क्रमांक हवा असतो. तो ठरलेल्या जागी मिळाला की त्याचे काम लवकर होते आणि आपलेही.

दुसरी हरकत वेळेची. जुनी फाइल दोन मिनिटांत तयार होते, टेम्प्लेट करायला तासभर लागतो. एकदाच लिहायच्या पत्राला हे लागू पडते आणि त्यासाठी टेम्प्लेट करूच नये. वर्षाला दोनदा जाणाऱ्या पत्राचा हिशेब वेगळा आहे. त्या तासाची तुलना दोन मिनिटांशी करायची नाही. चुकीच्या संदर्भामुळे परत आलेल्या अर्जाशी आणि पुन्हा घातलेल्या हेलपाट्याशी करायची.

तिसरी हरकत नव्या काळाची: यूट्यूब आहे, आता तर एआय पत्र लिहून देते, मग एफ-१ कशाला? यूट्यूबवरचा व्हिडिओ दुसऱ्याच्या आवृत्तीचा असतो आणि मेनू दर दोन-तीन वर्षांनी जागा बदलतात. शोधाची चौकट निदान तुमच्याच आवृत्तीतली आज्ञा दाखवते. एआयने मजकूर चांगला लिहिला तरी तो कोणत्या स्टाइलमध्ये बसणार हा प्रश्न उरतोच, आणि गट क्रमांक ते मनानेही घालू शकते. मजकूर तिथून घ्या हवा तर, पण टेम्प्लेटमध्ये उतरवा. इंग्रजी मदत कळत नाही ही तक्रार मात्र रास्त आहे. लिबरऑफिसचे मराठीकरण स्वयंसेवकांच्या हातून होते. तिथे चांगले मराठी लिहिणाऱ्या माणसांचे काम आहे.

चौथी हरकत सुरक्षेची, आणि ती मोडून काढण्यासारखी नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या टेम्प्लेटमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असू शकतात. 'डॉटएम' प्रकारची टेम्प्लेट अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये. 'डॉटएक्स'मध्ये मॅक्रो साठवता येत नाहीत, म्हणून ती घरी करायला आणि इतरांना द्यायला बरी.

राहिली गोष्ट संस्थांची आणि कार्यालयांची. अर्जाच्या नमुन्याची तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ संकेतस्थळावर चढवायची आणि लोकांनी ती प्रिंट काढून हाताने भरायची, हा प्रकार मंडळांपासून सरकारी कार्यालयांपर्यंत सर्रास चालतो. त्याऐवजी युनिकोड फॉन्टातली, मॅक्रो नसलेली टेम्प्लेट ठेवावी. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींसाठी ठेवावी आणि प्रत्येक मोकळ्या जागेत तिथे काय लिहायचे ते लिहावे. हे काम एका माणसाचे एका दुपारचे आहे. आपल्या मंडळात, शाळेत किंवा सोसायटीत अशी पीडीएफ असेल तर सेक्रेटरींना एवढे करायला सांगा. त्यांना वेळ नसेल तर टेम्प्लेट स्वतः करून द्या.